राखीव चढाईपटू

राखीव चढाईपटू : कबड्डीच्या संघात चढाईसाठी निवडलेला, परंतु प्रत्यक्ष सामन्यात संघाच्या मुख्य चढाईपटूंमागे ज्याचा क्रम लागतो, असा खेळाडू. कबड्डीचा संघ जास्तीत जास्त १२ खेळाडूंचा असतो. त्यांपैकी ७ जण एका वेळी मैदानात उतरतात व उरलेले ५ राखीव म्हणून बाहेर बसतात. मैदानातील सातांपैकी सामान्यतः दोघे कोपरारक्षक व दोघे मध्यरक्षक असतात आणि उरलेल्या तीन जागा चढाई करणाऱ्यांच्या वाट्याला येतात. या तिघांतही एक प्रमुख, एक त्याचा जोडीदार आणि तिसरा केवळ गरजेपुरता, अशी उतरंड असते. प्रस्तुत नोंदीत राखीव चढाईपटू ही संज्ञा या तिसऱ्या खेळाडूस आणि बाहेर बसलेल्या चढाईपटूंस मिळून वापरली आहे. हा खेळाडू प्रशिक्षकाच्या मर्जीतून उतरलेला असतो किंवा त्याच्या अंगी कौशल्य कमी असते, अशी प्रेक्षकांची सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्याच्या वाट्याला येणाऱ्या चढायांची संख्या मुख्यत्वे खेळाच्या नियमांनीच ठरते.

पुरुषांचा सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या दोन डावांचा असतो. प्रत्येक चढाईला ३० सेकंदांची मर्यादा असते व दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात. सर्व चढाया पूर्ण वेळ चालल्या असे मानले, तर ४० मिनिटांत एकूण ८० चढाया होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला ४० येतात. काही चढाया लवकर संपतात व काही वेळ इतर कारणांनी जातो. तथापि हा आकडा फारसा बदलत नाही. एखाद्या संघाला आपला खेळ चांगला आहे म्हणून अधिक चढाया मिळत नाहीत. प्रतिपक्षाला जेवढ्या, तेवढ्याच त्याला. या मर्यादित पुंजीतून प्रमुख चढाईपटूने १८ ते २० व त्याच्या जोडीदाराने १२ चढाया घेतल्या, असे उदाहरणादाखल धरले, तर उरलेल्या सर्वांसाठी मिळून ८ ते १० चढायाच शिल्लक राहतात. त्यांतही बचावपटूंना अधूनमधून केवळ वेळ काढण्यासाठी पाठविले जाते.

पण प्रमुखालाच एवढ्या चढाया का दिल्या जातात, याचे उत्तर फसलेल्या चढाईच्या किंमतीत आहे. चढाईपटूची पकड झाली, की त्याच्या संघाचे तीन प्रकारे नुकसान होते : प्रतिपक्षाला एक गुण मिळतो, चढाईपटू बाद होऊन बाहेर बसतो, आणि प्रतिपक्षाचा कोणी बाद झालेला असेल, तर तो परत मैदानात येतो. गुणफलकावर एकच गुण दिसत असला, तरी मैदानावरील बलाबलात दोन खेळाडूंचा फरक पडतो. उलट रिकामी चढाई, म्हणजे निदान रेषा ओलांडून कोणालाही न शिवता सुखरूप परत येणे, यात काहीच जात नाही. त्यामुळे कर्णधारापुढील प्रश्न ‘अधिक गुण कोण आणील’ एवढाच नसून ‘कोणाच्या जाण्यात धोका किती, याचा अंदाज आहे’ असाही असतो. ज्याच्या शंभर चढाया पाहिल्या आहेत त्याचा अंदाज बांधता येतो. ज्याच्या दहाच पाहिल्या आहेत त्याचा येत नाही. अनुभव नाही म्हणून संधी नाही आणि संधी नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र येथूनच सुरू होते.

प्रमुख चढाईपटू बाद झाला, तर राखीव खेळाडूची पाळी यावी, अशी अपेक्षा असते. तेथे पुनरागमनाचा नियम आड येतो. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले, त्याच क्रमाने परत येतात. प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला, की आपला एक गडी जिवंत होतो. प्रमुख चढाईपटू सर्वांत जास्त वेळा प्रतिपक्षाच्या अंगणात जात असल्याने तो बहुधा लवकर बाद होतो व म्हणूनच परतणाऱ्यांच्या रांगेतही पुढे असतो. आपल्या बचावाने एक यशस्वी पकड केली, की तो लगेच मैदानात हजर. संपूर्ण संघ बाद होऊन लोण चढला, तरीही सातही जण एकदम परत येतात व त्यांत तोही असतोच. यामुळे राखीव चढाईपटूला मिळणारा अवसर दोन-तीन चढायांपुरता राहतो. शिवाय बाद होऊन बाहेर बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येत नाही. बदली करायची ती मैदानात असलेल्या खेळाडूची, विश्रांतीच्या किंवा मागितलेल्या विरामाच्या वेळी आणि ठराविक संख्येच्या मर्यादेतच. म्हणजे प्रमुख बाहेर असताना बाकावरचा ताज्या दमाचा चढाईपटू त्याच्या जागी आत येऊ शकत नाही. मैदानात उरलेल्यांनाच तो भार उचलावा लागतो.

मिळालेल्या दोन-तीन चढायाही अवघड प्रसंगीच्या असतात, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. स्वतःचा प्रमुख बाहेर असतो तेव्हा प्रतिपक्षाने नुकताच गुण मिळविलेला असतो व त्याचे सहा किंवा सातही गडी मैदानात उभे असण्याचा संभव अधिक असतो. दोन्ही कोपरे शाबूत, मधल्या साखळ्या जुळलेल्या, अशा पूर्ण बचावावर राखीव चढाईपटू जातो. सहा किंवा अधिक बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडून एक गुण मिळविता येतो खरा. परंतु बोनस गुणाने आपला बाद गडी जिवंत होत नाही, म्हणून त्या गुणाचे मोल संघाला त्या क्षणी कमीच वाटते. याउलट प्रतिपक्षाचे दोन-तीनच गडी उरलेले असतात तेव्हा लोण चढविण्याची संधी जवळ आलेली असते. तीन किंवा कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, दोन गुण मिळत असल्याने त्या वेळी चूक परवडत नाही. साहजिकच ती चढाई प्रमुखाकडेच जाते. सोप्या चढाया एकाच्या नावावर व अवघड चढाया दुसऱ्याच्या नावावर जमा होत गेल्यावर दोघांच्या यशाची सरासरी एकाच तक्त्यात मांडणे न्याय्य ठरत नाही. कबड्डीचे गुणतक्ते मात्र तसेच मांडले जातात.

आघाडी-पिछाडीचाही परिणाम असाच होतो. संघ पिछाडीवर असेल, तर गुण हवेत म्हणून प्रमुखालाच पाठविले जाते. संघ आघाडीवर असेल, तर धोका नको म्हणून राखीव खेळाडूला पाठविले जाते; पण ३० सेकंद निदान रेषेच्या आसपास घालवून रिकामे परत यावे, अशी सूचना देऊन. अशा चढाया आज्ञाधारकपणे करणारा खेळाडू नंतर निवड समितीपुढे ‘गुण मिळवीत नाही’ या शेऱ्याचा धनी होतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होऊन प्रतिपक्षाला गुण जातो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर ही ‘करा किंवा मरा’ चढाई प्रेक्षकांच्या चांगलीच परिचयाची झाली. प्रमुखाला गमावण्याची जोखीम नको म्हणून काही संघ ही तिसरी चढाई मुद्दाम दुय्यम खेळाडूकडे सोपवितात. त्यातून या एकाच प्रकारच्या चढाईत तरबेज असलेले काही खेळाडू पुढे आले. राखीव खेळाडूला मिळणारा हा दरवाजा अरुंद आहे, पण तो आहे.

जुन्या प्रकारांतील स्थिती : महाराष्ट्रात हा खेळ हुतूतू या नावाने रूढ होता व त्याचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या तिन्हींतील फरक उद्‌बोधक आहे. अमर प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदान सोडत नसे, केवळ गुण मोजला जाई. त्यामुळे उत्तम चढाई करणारा गडी अखंड चढाया करू शके व इतरांना वाव क्वचितच मिळे. गामिनी प्रकारात याच्या नेमके उलट होते. एकदा बाद झालेला खेळाडू, संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. संघाचा पहिला मोहरा पडला, की दुसऱ्याला जाणे भाग, तो पडला की तिसऱ्याला. अशा रीतीने शेवटच्या गड्यालाही दम घेऊन प्रतिपक्षाच्या अंगणात उतरावे लागे. संजीवनी प्रकारात बाद गडी क्रमाने जिवंत होत. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुढे देशभर जे एकसूत्री नियम रूढ झाले, त्यांचा पाया संजीवनी प्रकाराचा होता. पुनरागमनामुळे खेळ वेगवान झाला, सामन्याचे पारडे वारंवार खाली-वर होऊ लागले आणि ठराविक वेळेत सामना संपविणे शक्य झाले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ज्या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले, तो १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत समाविष्ट होण्यापर्यंत पोहोचला, यात या सुटसुटीतपणाचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या फळीतील चढाईपटूची हक्काची पाळी मात्र गामिनीबरोबरच मागे पडली.

मैदानातील तिसऱ्या जागेसाठी कोणाची निवड होते, हेही केवळ चढाईवरून ठरत नाही. चढाईपटू आपली चढाई संपवून परत आला, की पुढच्याच क्षणी बचावाच्या रांगेत उभा असतो. ज्याला साखळीत हात धरून नीट सरकता येत नाही, तो प्रतिपक्षाच्या चढाईपटूला आयती वाट देतो. म्हणून समान कौशल्याच्या दोन राखीव चढाईपटूंपैकी बचावातही उपयोगी पडणारा आधी आत घेतला जातो. दुसरी बाब बाजूची. काही चढाईपटू डावीकडून शिरतात, काही उजवीकडून. दोन्ही प्रमुख एकाच बाजूचे असतील, तर प्रतिपक्षाच्या एकाच कोपऱ्यावर भार पडतो व दुसरा निर्धास्त राहतो. त्यामुळे प्रमुखाच्या विरुद्ध बाजूने शिरणारा राखीव खेळाडू संघाला अधिक हवासा वाटतो. एखादा गुणी खेळाडू वर्षानुवर्षे बाहेर बसतो, याचे कारण कित्येकदा एवढेच असते, की संघाचा प्रमुखही त्याच्याच बाजूचा असतो.

तालुका पातळीवरील चित्र : व्यावसायिक स्पर्धांत साखळी पद्धतीमुळे एका संघाला हंगामात अनेक सामने मिळतात व राखीव खेळाडूला केव्हातरी संधी येते. शालेय स्पर्धांत तशी सोय नसते. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याचे उदाहरण घेतल्यास, तेथील शाळेचा संघ प्रथम तालुका स्पर्धेत खेळतो. जिंकल्यास जिल्हा पातळीवर, त्यानंतर नाशिक विभागात व शेवटी राज्य पातळीवर जातो. हे सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. एक पराभव झाला, की त्या वर्षापुरता खेळ संपला. अशा स्थितीत क्रीडाशिक्षक पहिल्या मिनिटापासून आपल्या भरवशाच्या दोन मुलांनाच चढाईला पाठवितो आणि त्याला दोष देता येत नाही. परंतु स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा वयोगटांत विभागलेल्या असल्याने मुलगा किंवा मुलगी एका गटात थोडीच वर्षे राहते. ती वर्षे मैदानाच्या कडेला गेली, तर निवड करणाऱ्यांच्या नजरेस पडण्याचा मार्गच बंद होतो. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस दल व बँका यांचे कबड्डी संघही अनेक ग्रामीण खेळाडूंना नोकरीचा आधार देत आले आहेत. तालुक्याच्या मैदानावर किती चढाया मिळाल्या, हा प्रश्न म्हणूनच केवळ खेळाचा राहत नाही.

व्यावसायिक स्पर्धांतील उदाहरणे : प्रो कबड्डी लीगच्या २०१७ मधील पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने चढाईत ३६९ गुण मिळविले, हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या एका सामन्यात तर ३४ गुण. हंगामातील २६ सामन्यांचा हिशेब केला, तर सामन्यामागे १४ हून अधिक गुण पडतात. त्याच संघात मोनू गोयत हा जोडीदार होता. पुढील वर्षीच्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने गोयतला १ कोटी ५१ लाख रुपयांना घेतले व तो त्या लिलावातील सर्वांत महाग खेळाडू ठरला. दुसऱ्या क्रमांकाच्या चढाईपटूचे मोल त्याच्या संघाबाहेरील जाणकारांना कळू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूंबाबत असे घडल्याचे सहसा आढळत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने पहिल्याच हंगामात प्रमुख चढाईपटूची जबाबदारी दिली आणि पुढील वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. देसाईच्या ठिकाणी एखादा स्थिरावलेला प्रमुख संघात आधीच असता, तर त्याच हंगामात त्याला किती चढाया मिळाल्या असत्या, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

वेगळा मार्ग २०२३-२४ च्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने दाखविला. अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखालील या संघात मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे अनेक चढाईपटू होते व प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी चढाया त्यांच्यात वाटून दिल्या. एकाच्या नावावर गुणांचा डोंगर उभा राहिला नाही. पण कोणाला अडवायचे, याचा निर्णय प्रतिपक्षाला करता येईना. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे झालेल्या अंतिम सामन्यात या संघाने हरियाणा स्टीलर्सवर २८–२५ अशी मात करून प्रथमच विजेतेपद मिळविले. अर्थात अशी वाटणी सर्वांना साधत नाही. तिच्यासाठी बचाव भक्कम लागतो, कारण चढाईपटू बाद झाला तरी त्याला लवकर परत आणणारी पकड बचावपटूच करतात. बचाव दुबळा असलेल्या संघाने ही पद्धत उचलली, तर त्याचे हाल होतील.

इतर खेळांशी तुलना : खोखोमध्ये संधीची वाटणी बव्हंशी मैदानावरील जागेनेच होते. आठ पाठलागकर्ते चौकोनांत बसलेले असतात व धावणाऱ्याला सुरू केलेली दिशा बदलता येत नाही. त्यामुळे गडी ज्याच्याजवळ असेल त्यालाच खो द्यावा लागतो, मग तो संघातील सर्वांत संथ खेळाडू का असेना. क्रिकेटमधील फलंदाजी गामिनीच्या जवळची आहे. बाद झालेला परत येत नाही, म्हणून खालच्या क्रमांकाची पाळी येते. वरचे बाद झालेच नाहीत, तर मात्र येत नाही. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी शारदाश्रमासाठी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेल्या अमोल मुजुमदारची पाळी आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही तो भारताकडून एकही कसोटी खेळू शकला नाही. गोलंदाजीत पद्माकर शिवलकर यांचेही तेच झाले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणाऱ्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या काळात भारतीय संघातील ती एकमेव जागा बिशनसिंग बेदी यांच्याकडे होती.

राखीव चढाईपटूच्या स्थितीशी सर्वांत जवळचे साम्य अमेरिकन फुटबॉलमधील दुय्यम ‘वाइड रिसीव्हर’च्या स्थितीत आढळते. अकरा जणांच्या या खेळात ‘क्वार्टरबॅक’ हा खेळाडू चेंडू दूरवर फेकतो व बाजूने पुढे धावत गेलेले रिसीव्हर तो झेलतात. व्यावसायिक सामन्यात एक संघ साधारणपणे ३० ते ३५ वेळा असा चेंडू फेकतो; म्हणजे येथेही पुंजी मर्यादित, कबड्डीतील चढायांपेक्षा किंचित कमीच. अंगावर धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांमुळे क्वार्टरबॅकला अवघे तीनेक सेकंद मिळतात व तेवढ्यात तो ठरलेल्या क्रमाने एकेका रिसीव्हरकडे पाहतो. पहिला मोकळा दिसला, की चेंडू तिकडे जातो. तिसऱ्या-चौथ्याकडे नजर पोहोचण्यापूर्वीच बहुधा चेंडू हातातून सुटलेला असतो. सरावातही मुख्य क्वार्टरबॅक मुख्य रिसीव्हरांबरोबरच अधिक फेकी करतो, त्यामुळे दुय्यम खेळाडूची धाव कोठे व केव्हा वळेल, याची त्याला तितकी सवय नसते. या खेळाडूंना संघातील आपले स्थान पुष्कळदा वेगळ्याच कामावर, म्हणजे चेंडू लाथाडून दिल्यानंतरच्या धावपळीत प्रतिस्पर्ध्याला अडविण्यावर, टिकवावे लागते. कबड्डीत राखीव चढाईपटूने साखळीत उभे राहणे शिकावे, तसाच हा प्रकार. फरक एवढा, की अमेरिकन खेळात निर्णय एका माणसाच्या क्षणिक नजरेवर असतो. कबड्डीत दोन चढायांच्या मधल्या काळात कर्णधाराला आणि प्रशिक्षकाला तो विचारपूर्वक घेता येतो.

चढाईपटूचे मूल्यमापन सामन्यामागील गुणांऐवजी चढाईमागील गुणांवर करावे, तसेच समोर किती बचावपटू होते व चढाई तिसरी होती काय, याची नोंद ठेवावी, हा उपाय अवघड नाही. व्यावसायिक स्पर्धांत अशा तपशीलवार नोंदी आता होतात. तालुका व जिल्हा पातळीवर गुणलेखकाच्या कागदावर त्या करता येण्यासारख्या आहेत; केवळ तशी प्रथा पडलेली नाही.

कबड्डीच्या नियमांत राखीव चढाईपटूला आपली पाळी हमखास मिळण्याची तरतूद एकाच ठिकाणी आहे. बाद पद्धतीचा सामना बरोबरीत सुटल्यास प्रत्येक संघाला पाच जादा चढाया मिळतात व त्या पाच वेगवेगळ्या खेळाडूंनी कराव्या लागतात. त्यांची नावे क्रमाने आधी पंचांना द्यावी लागतात. या चढायांत कोणी बाद होऊन बाहेर जात नाही व कोणी जिवंत होत नाही, केवळ गुण मोजले जातात. निदान रेषा हीच या वेळी बोनस रेषाही मानली जाते. प्रो कबड्डी लीगमध्ये २०२५ च्या हंगामापासून साखळी सामन्यांनाही ही पद्धत लागू झाली. चाळीस मिनिटे दोनच खेळाडूंवर विसंबून राहिलेल्या संघाला अशा वेळी तिसरे, चौथे व पाचवे नाव लिहून द्यावे लागते आणि त्या खेळाडूला त्या दिवसाची आपली पहिली चढाई बरोबरीच्या गुणफलकासमोर करावी लागते.